सुवर्णभूमी विमानतळ : एका नावाचा आणि एका दलदलीचा अभ्यास

बँकॉक शहराच्या पूर्वेस सुमारे २५ ते ३० किलोमीटरवर, समुत प्राकान प्रांतात, समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंच असलेल्या सपाट भूमीवर सुवर्णभूमी विमानतळ वसलेला आहे. थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम अशा देशांच्या धम्मयात्रेस निघालेल्या आपल्या अनेक उपासक-उपासिकांचे परदेशातील पहिले पाऊल येथेच पडते. पाटीवरचे नाव वाचताच मराठी माणसाला ते परके वाटत नाही. थाई लोक मात्र त्याचा उच्चार ‘सुवन्नफूम’ असा करतात. लिहिताना संस्कृत-पालीची सगळी अक्षरे जपायची आणि बोलताना त्यांतील निम्मी गिळून टाकायची, अशी त्या भाषेची रीत आहे.

या नावासंबंधी आपल्या सभा-संमेलनांतून एक विधान वारंवार ऐकू येते. सम्राट अशोकाच्या काळी सोण आणि उत्तर या दोन थेरांना धम्मप्रसारासाठी सुवर्णभूमीस पाठविण्यात आले, ती सुवर्णभूमी म्हणजे आजचे थायलंड आणि तेथील विमानतळाचे नाव हा त्याचा पुरावा, असे ते विधान. त्यातील पहिला भाग परंपरेचा आहे, दुसरा वादाचा आहे आणि तिसरा केवळ घाईचा आहे. ऐकीव गोष्ट परंपरेने आली म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. तो उपदेश प्रार्थनेच्या वेळी ऐकत वाढलेल्या मुलांच्या शाळेच्या स्मरणिकेत हे विधान जसेच्या तसे छापून चालणार नाही. म्हणून या लेखात ते तपासावयाचे आहे.

प्रथम तारखा पाहू. विमानतळासाठी सुमारे २०,००० राय, म्हणजे ८,००० एकर जमीन १९७३ साली घेण्यात आली. त्या वेळी त्या जागेचे नाव होते ‘नोंग ङू हाओ’, अर्थात नागांचे तळे. दलदल, भातखाचरे, मासळीची तळी आणि कालवे असा तो प्रदेश. त्याच वर्षीच्या १४ ऑक्टोबरला थायलंडच्या विद्यार्थ्यांनी लष्करी राजवटीविरुद्ध केलेल्या उठावात थानोम कित्तिकाचोर्न यांचे सरकार कोसळले आणि विमानतळाचा प्रस्ताव बाजूला पडला. (ही तारीख आपणांस वेगळ्याच कारणाने पाठ आहे, पण तो निव्वळ योगायोग.) पुढे १९९६ साली कामासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली, लगेच १९९७ च्या आर्थिक अरिष्टाने पुन्हा खीळ बसली. ‘सुवर्णभूमी’ हे नाव राजे भूमिबोल अदुल्यदेज यांनी दिले ते सन २००० मध्ये. कोनशिला २००२ साली बसली. २८ सप्टेंबर २००६ रोजी विमानतळ पूर्णपणे सुरू झाला आणि १९१४ पासून सेवेत असलेल्या डॉन मुआंग विमानतळावरचा भार तेथून हलला. उद्घाटनापूर्वी अवघे नऊ दिवस आधी, १९ सप्टेंबरला, लष्कराने पंतप्रधान थाकसिन शिनवात्रा यांची सत्ता उलथविली होती.

तेव्हा नाव एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचे आहे. ते एका राजाने विचारपूर्वक निवडले. जातककथांचा त्या राजाला व्यासंग होता. महाजनक जातक त्याने स्वतः नव्याने लिहून १९९६ साली प्रसिद्ध केले. त्या जातकातील राजपुत्र व्यापारासाठी सुवर्णभूमीकडे जहाजाने निघतो, जहाज फुटते, किनारा दिसत नसतानाही तो सात दिवस पोहत राहतो आणि अखेर समुद्राची देवता मणिमेखला त्याला वाचविते. विमानतळाला हे नाव शोभते, यात शंका नाही. परंतु शोभणारे नाव आणि ऐतिहासिक पुरावा या दोन भिन्न गोष्टी आहेत. नागपूरच्या विमानतळाला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे आणि ते योग्यच आहे. पण बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली हे त्या विमानतळाच्या पाटीवरून कोणी सिद्ध करीत नाही. त्याला स्वतंत्र आणि भक्कम कागदपत्रे आहेत.

मग सोण आणि उत्तर यांच्यासंबंधी कोणता आधार आहे? श्रीलंकेच्या दीपवंस आणि महावंस या पाली ग्रंथांत तो आढळतो. पाटलिपुत्रातील तिसऱ्या संगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी नऊ दिशांना धम्मप्रसारक पाठविले, त्यांची यादी तेथे दिली आहे. काश्मीर-गांधाराकडे मज्झंतिक, महिसमंडलाकडे महादेव, वनवासीकडे रक्खित, हिमालयाकडे मज्झिम आणि सोबती, लंकेस महिंद. आणि सुवण्णभूमीस सोण व उत्तर. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की याच यादीत योनक धम्मरक्खित अपरांतास, म्हणजे कोकणपट्टीच्या बाजूस गेले आणि महाधम्मरक्खित महारट्ठास गेले असेही म्हटले आहे. महारट्ठ आणि सुवण्णभूमी यांची नावे एकाच पाठात, काही ओळींच्या अंतराने येतात. बँकॉकच्या त्या पाटीशी आपले खरे नाते कोणते असेल तर ते हे.

आता या यादीचा कस लावू. महावंस लिहिला गेला तो इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात, म्हणजे घटनेनंतर सुमारे सात-आठशे वर्षांनी. इतक्या उशिरा लिहिलेल्या ग्रंथाला बाहेरून दुजोरा मिळतो का, हे पाहणे भाग आहे. काही नावांबाबत तो मिळतो. सांचीच्या दुसऱ्या स्तूपातून १८५१ साली कनिंगहॅम यांना मिळालेल्या अस्थिपात्रांवर मज्झिमाचे नाव कोरलेले आहे, तसेच हिमवंत प्रदेशाचे आचार्य असे ज्यांचे वर्णन केले आहे त्या कस्सपगोत्त यांचेही. ग्रंथातील हिमालयाच्या मोहिमेला दगडाची साक्ष मिळाली ती अशी. अपरांताबद्दलही बोलता येते. अशोकाच्या पाचव्या शिलालेखात अपरांतातील लोकांचा उल्लेख आहे आणि ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघर जिल्ह्यात, सोपारा येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. नवव्या लेखाचा तुकडा त्याच परिसरात १९५६ साली मिळाला. ज्या वर्षी दीक्षाभूमीवर धम्मचक्र पुन्हा फिरले, त्याच वर्षी सोपाऱ्याच्या मातीतून अशोकाचे अक्षर वर आले.

सुवर्णभूमीच्या मोहिमेला असा दुजोरा अद्याप नाही. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पश्चिमेकडील ग्रीक राजांची नावे येतात, दक्षिणेकडील चोल, पांड्य आणि ताम्रपर्णी येतात. सुवर्णभूमी येत नाही. सोण-उत्तरांचे अस्थिपात्र कोठे मिळालेले नाही. शिवाय सुवर्णभूमी नेमकी कोठे, याचे दावेदार अनेक आहेत. ब्रह्मदेशातील पेगू येथे राजा धम्मचेती याने पंधराव्या शतकात कोरविलेल्या कल्याणी शिलालेखांत सुवण्णभूमी म्हणजे मोन लोकांचा रामञ्ञ देश असे सांगितले आहे आणि म्यानमारमधील भाविक आजही थाटोन नगराकडे बोट दाखवितात. थाई परंपरा नाखोन पथोम या नगराचे नाव घेते. कंबोडियात सातव्या शतकातील एका संस्कृत शिलालेखात राजा ईशानवर्मन याच्या संदर्भात सुवर्णभूमीचे नाव आढळल्याचे अलीकडे जाहीर झाले आहे. बहुधा हे एखाद्या राज्याचे नावच नसावे. बंगालच्या उपसागरापलीकडे, जेथून सोने येते असे व्यापारी म्हणत, त्या साऱ्या किनाऱ्यालाच ही संज्ञा असावी, असे मला वाटते. सोने मिळो न मिळो, सोन्याची वदंता मात्र त्या काळीही दूरवर पोहोचत असे.

याचा अर्थ त्या काळी भारताचा आणि त्या भूमीचा संबंधच नव्हता, असा मात्र नाही. दक्षिण थायलंडमधील खाओ साम काएओ आणि कांचनबुरी प्रांतातील बान डॉन ता फेत येथील उत्खननांत इसवी सनापूर्वीच्या चौथ्या ते दुसऱ्या शतकांच्या सुमाराचे, भारतीय पद्धतीचे अकीकाचे व काचेचे मणी मिळाले आहेत. बान डॉन ता फेत येथे तर अकीकाचा एक छोटा सिंह सापडला. म्हणजे अशोकाच्या आगेमागे गलबते त्या किनाऱ्यास लागत होती. गलबतावर मणी जाऊ शकतात तर भिक्खूही जाऊ शकतात; जाऊ शकतात एवढेच. ते गेले, हे म्हणण्यास अजून आधार हवा. तेथे बौद्ध धम्माचे निर्विवाद अवशेष मिळतात ते यानंतर कित्येक शतकांनी, द्वारवती काळात. मुलांना शिकविताना ‘परंपरा असे सांगते’ हे तीन शब्द सोडू नयेत, एवढीच माझी शिक्षक बांधवांना विनंती आहे. त्यांनी परंपरेची शोभा कमी होत नाही.

नावाचा विचार येथवर झाला. त्या नावाखाली जी जमीन आहे तिची कथा मला नावापेक्षाही बोधप्रद वाटते, आणि विज्ञानाच्या तासाला ती सांगण्यासारखी आहे.

चाओ फ्राया नदीने आणलेल्या गाळावर आणि प्राचीन समुद्राच्या तळावर बँकॉकचा सपाट प्रदेश तयार झाला. विमानतळाच्या जागी वरचा मीटर-दोन मीटरचा वाळलेला थर सोडला की खाली सुमारे दहा मीटरपर्यंत अतिशय मऊ चिकणमाती लागते. या मातीत कोरड्या कणांच्या वजनाइतके, काही ठिकाणी त्याहूनही अधिक, पाणी असते. शेकडो टन वजनाचे विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने उतरवायचे आणि त्याच्या खाली असा चिखल. इमारतीचा प्रश्न तुलनेने सोपा होता. खांब खोलवर ठोकून ती खालच्या घट्ट थरांवर उभी करता येते. पण चार किलोमीटर लांबीची धावपट्टी आणि तिच्याभोवतीचे एवढे अफाट पटांगण खांबांवर उभे करणे परवडत नाही. तेथे मातीच बदलावी लागते.

ती कशी बदलली, हे समजण्यास आपले स्वयंपाकघर पुरेसे आहे. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतात किंवा त्यावर वजन ठेवतात. पाणी निथळते, दह्याचा आकार कमी होतो आणि मागे घट्ट चक्का राहतो. चिकणमातीवर वजन ठेवले तर तिचेही हेच होते, फक्त तिच्यातील छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की पाणी निथळण्यास दशके लागू शकतात. तोवर वरचे बांधकाम खचत राहते, आणि सर्वत्र सारखे न खचता येथे अधिक, तेथे कमी असे खचते. धावपट्टीला खरा धोका या असमान खचण्याचाच.

कार्ल तेर्झागी या अभियंत्याने १९२० च्या दशकात या क्रियेचे गणित मांडले. त्याचा गाभा शाळकरी मुलालाही समजेल असा आहे. पाण्याला मातीतून बाहेर पडण्यासाठी जेवढे अंतर कापावे लागते, त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो. अंतर निम्मे केले तर वेळ चौथाई होतो. अंतर दहावा हिस्सा केले तर वेळ शंभरावा हिस्सा. समजा दहा मीटरच्या थरातून पाणी वर किंवा खाली पाच मीटर वाट काढून निघणार असेल आणि त्यास पन्नास वर्षे लागणार असतील. त्याच पाण्याला अर्ध्या मीटरवर आडवी वाट मिळाली, तर ढोबळ हिशेबाने सहा महिने पुरतात.

सुवर्णभूमीवर नेमके हेच केले गेले. थायलंडमधील आशियाई तंत्रज्ञान संस्थेच्या अभियंत्यांनी १९९० च्या दशकात त्या जागी चाचणीचे बांध उभारून मोजमापे घेतली. सुमारे दहा सेंटीमीटर रुंद, काही मिलिमीटर जाड अशा प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या, भोवती गाळणकापड गुंडाळून, पोलादी नळीच्या साहाय्याने सुमारे दहा मीटर खोल उभ्या खुपसल्या. दोन पट्ट्यांमधील अंतर साधारण एक मीटर. म्हणजे कोणत्याही थेंबाला अर्ध्या मीटरच्या आसपास वाट सापडते. त्यावर वाळूचा थर आणि त्यावर भराव टाकून वजन दिले. पाणी पट्ट्यांतून वर चढून वाळूत निथळले आणि चाचणीच्या बांधाखाली जमीन मीटरपेक्षा अधिक खाली बसली. जे खचणे पुढे विमानाखाली झाले असते ते आधीच करवून घेतले, मग जादा वजन काढून घेतले आणि त्यानंतर धावपट्टी बांधली. आज प्रवाशाला यातील काहीही दिसत नाही. मूर्ती, काच आणि दुकाने दिसतात. त्या लक्षावधी पट्ट्या मातीतच आहेत.

पाण्याने तरीही आपला हक्क सोडला नाही. विमानतळ सुरू होऊन काही महिने होतात न होतात तोच, २००७ च्या आरंभी, विमाने ज्या मार्गांवरून धावपट्टीकडे जातात त्या मार्गांवर तडे आणि चाकोऱ्या दिसू लागल्या. डांबरी थराखालील पायात अडकलेल्या पाण्याकडे तज्ज्ञांनी बोट दाखविले. काही देशांतर्गत उड्डाणे मार्च २००७ पासून पुन्हा डॉन मुआंगला हलविण्यात आली. (त्याच सुमारास एवढ्या भव्य वास्तूत प्रवाशांसाठी शौचालये अपुरी आहेत, ही तक्रारही गाजली आणि पुढे ती वाढवावी लागली. वास्तुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा मुद्दा अधिक ठळक छापला पाहिजे.) भोवतालच्या वस्त्यांतील लोकांच्या वाट्याला विमानांचा अहोरात्र आवाज आला आणि त्याच्या भरपाईसाठी त्यांना भांडावे लागले. प्रकल्पाचे नाव कितीही सोन्याचे असले तरी जमिनीलगत राहणाऱ्या माणसाच्या कानाला तो निराळाच ऐकू येतो. हे आपल्याकडील प्रकल्पग्रस्तांना सांगावे लागत नाही.

२०११ च्या महापुरात मात्र या जागेने सर्वांना चकित केले. ऑक्टोबरात उत्तरेकडून आलेल्या पुराने डॉन मुआंगच्या धावपट्ट्या पाण्याखाली घातल्या. तो जुना विमानतळ पुढील मार्चपर्यंत बंद राहिला. त्याहून सखल असलेले नागांचे तळे कोरडे राहिले आणि उड्डाणे चालू राहिली. सुवर्णभूमीच्या भोवती सुमारे साडेतेवीस किलोमीटर लांबीचा मातीचा बांध आहे; आत पावसाचे पाणी साठविण्यासाठी तलाव आणि ते बाहेर फेकण्यासाठी पंप आहेत. सखल जागा निवडणाऱ्यांनी ती सखल आहे हे मान्य करून आखणी केली होती. उंच जागेवरच्यांना आपण सुरक्षित आहोत असे वाटत होते.

मुख्य इमारत हेल्मुट यान या वास्तुविशारदाची. सुमारे ५,६३,००० चौरस मीटरचे हे एकच प्रवासी भवन आहे आणि नियंत्रण मनोरा १३२ मीटर उंच. विमानांकडे नेणाऱ्या नळीसारख्या लांब दालनांचे छत काच आणि ताणलेल्या तंतुपटलाचे आहे. उष्ण कटिबंधात काचेचे घर म्हणजे भट्टीच, असा आक्षेप कोणीही घेईल. त्यावर येथे योजलेला उपाय लक्षात घेण्यासारखा आहे. संपूर्ण पोकळी थंड करण्याऐवजी फरशीखालून थंड पाणी फिरविले आहे आणि गार हवा खालच्या पातळीवरच सोडली जाते. माणूस जेथे बसतो-उभा राहतो तेथपर्यंतच गारवा. वर उष्ण हवा आपली तरंगत राहते. २०१९ साली साडेसहा कोटींच्या घरात प्रवासी येथून गेले. त्यानंतर २०२३ मध्ये भुयारी स्वयंचलित गाडीने जोडलेले उपभवन आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिसरी धावपट्टी सुरू झाली. हिवाळ्यात येथून थेट गयेला विमाने जातात. थाई उपासक सकाळी निघून त्याच दिवशी बोधिवृक्षाखाली बसू शकतात.

आता त्या मूर्तीविषयी, जिच्यामुळे आपल्या यात्रेकरूंत सर्वाधिक चर्चा होते. पारपत्राची तपासणी आटोपून प्रस्थान दालनात शिरताच समोर समुद्रमंथनाचे प्रचंड शिल्प येते. खाली कासव, मध्ये पर्वत, त्याच्या शिखरावर चतुर्भुज विष्णू, आणि वासुकी नागाला दोन बाजूंनी ओढणारे देव आणि असुर. भवनात अन्यत्र बारा यक्षमूर्ती आहेत. बँकॉकच्या राजमंदिरातील द्वारपालांच्या धर्तीवर त्या घडविल्या असून थाई रामकथेतील पात्रे आहेत. बुद्धाचा देश म्हणून ज्याच्याकडे डोळे लावून आलो, त्याच्या दारातच विष्णू पाहून आपल्यापैकी काही जण खट्टू होतात, काही रागावतात. उलट आपल्याकडील काही मंडळी तेच छायाचित्र दाखवून ‘पाहा, बौद्धही शेवटी हिंदूच’ असे म्हणतात. या दुसऱ्या युक्तिवादाला उत्तर देण्यापुरता तरी इतिहास आपणांस ठाऊक असला पाहिजे.

थायलंडच्या राजदरबाराने ख्मेर साम्राज्याकडून राजविधी घेतले आणि ते राजविधी ब्राह्मणी होते. अयुध्या या राजधानीचे नाव रामाच्या नगरीवरून घेतलेले. बँकॉकमध्ये दरबारी ब्राह्मणांचे देवस्थान १७८४ साली बांधले गेले, आणि आजही दरवर्षी राजनांगरणीचा विधी तेच करतात. एकोणिसाव्या शतकात राजे मोंगकुट यांनी त्या विधीला बौद्ध सूत्रपठणाची जोड दिली. स्वतः राजा होण्यापूर्वी ते २७ वर्षे भिक्खू होते. म्हणजे त्या देशात विष्णू आहे तो राजाच्या वैभवाचे चिन्ह म्हणून, दरबाराच्या कलेचा भाग म्हणून. जनतेच्या सकाळच्या भिक्षादानात, विहारात, उपोसथाच्या दिवशी तो नाही. शिवाय पुराणातील विष्णू असुरांना अमृतापासून फसवितो, तर थाई परंपरेत यक्ष विहाराचे राखणदार म्हणून दारात उभा राहतो. तेथील यक्ष हे पराभूतांचे चित्र नाही.

बाबासाहेबांनी १९५६ साली दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे नाकारले आहे. ती प्रतिज्ञा ज्या समाजासाठी होती, त्याला पुराणातील देवतांच्या नावाने पाणवठ्यावरून हुसकावले गेले होते. थाई शेतकऱ्याचा तो इतिहास नाही. म्हणून त्याने ती प्रतिज्ञा घेतली नाही याचा राग धरण्याचे कारण नाही, आणि तो ते शिल्प सहजपणे पाहतो म्हणून आपणही प्रतिज्ञा सैल करावी, याचेही कारण नाही. दोन्ही देशांचे बौद्ध एकमेकांस ओळखतात ते अशा भेदांसह. ज्या वर्ल्ड फेलोशिप ऑफ बुद्धिस्ट्सच्या काठमांडू येथील चौथ्या परिषदेत, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले, तिचे मुख्यालय आता बँकॉकमध्येच आहे. तेथे जाणाऱ्या आपल्या प्रतिनिधींना हा इतिहास दोन्ही बाजूंनी सांगता आला पाहिजे.

ज्यांना त्या शिल्पापेक्षा जुने काही पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. विमानतळाच्या तळमजल्याखालून शहरात जाणारी रेल्वे मिळते. बँकॉकहून पश्चिमेस ५० ते ६० किलोमीटरवर नाखोन पथोम आहे. तेथेही आगगाडी जाते. तेथील फ्रा पथोम चेदी हा सुमारे १२० मीटर उंचीचा स्तूप एकोणिसाव्या शतकात जुन्या स्तूपावर नव्याने बांधलेला आहे. सोण-उत्तर येथेच उतरले, असे तेथील मार्गदर्शक सांगेल. त्याचे ऐकून घ्यावे आणि मग शेजारच्या वस्तुसंग्रहालयात जावे. तेथे द्वारवती काळातील, सातव्या-आठव्या शतकांच्या सुमाराची, दगडी धम्मचक्रे आहेत. अशा चक्रांबरोबर सारनाथच्या आठवणीने बसविलेली हरणेही त्या परिसरात मिळाली आहेत. काही चक्रांवर दक्षिण भारतातून गेलेल्या लिपीत, पाली भाषेत, चार आर्यसत्यांचा पाठ कोरलेला आहे. ज्यांना पाली येते त्यांनी लिपी जाणणाऱ्याला सोबत घ्यावे, म्हणजे तो पाठ जागेवरच वाचता येईल.